द चा ढ

माझी आत्या पुढे चालताना धडपडते. मागे चालताना ती पडल्याचं मात्र कुणालाही आठवत नाही.

एकतीस वर्षं तिने दोरखंडाच्या कारखान्यात सूत काढलं, आणि दोराचं सूत काढायचं तर उलटंच चालावं लागतं. कमरेला तागाचा जुडगा गुंडाळायचा, त्यातले चार तंतू चाकाच्या आकड्यात अडकवायचे, चाक फिरवणारीला हाक द्यायची आणि चाकाकडे तोंड करून मागे मागे जायचं. बोटांतून ताग सुटत जातो, चाक त्याला पीळ देत राहतं, आणि तुम्ही जिथे थांबाल तिथवर सूत तयार असतं. आत्या चारशेवीस पावलं मागे जायची, कारण शेड तेवढी लांब होती. मग सरळ चालत परत यायची. या परतीच्या चालण्याचा तिला भारी कंटाळा. "पुढे चालण्यात काय आहे? सगळं आधीच दिसतं," असं तिचं म्हणणं.

त्या शेडला सगळे दोरवाट म्हणत. बारा पावलं रुंद आणि चारशेवीस पावलं लांब. एखाद्या रस्त्यालाच छप्पर घालावं तशी. नायलॉनचा दोर आला आणि एकोणीस वर्षांपूर्वी कारखान्याला कुलूप लागलं. मशिनरी कुणी नेली, खिडक्या कुणी नेल्या, दारं कुणी नेली. छप्पर आणि लांबी एवढंच कुणाला नेता आलं नाही. पत्रे गंजले. मुकादमाच्या खोलीत पिंपळासारखं काहीतरी उगवलं आणि मुकादमापेक्षा जास्त सावली देऊ लागलं. वस्तीतली जुनी माणसं मात्र अजूनही स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत पाठमोरी येतात. नव्या सुना घाबरतात, मग त्याही शिकतात.

मागच्या वर्षी नगर कार्यालयाला जाग आली. पडीक कारखान्याचं पुनरुज्जीवन करून तो स्थानिकांच्या उपयोगी आणायचा, असं ठरलं. काम ज्या अधिकाऱ्याकडे आलं त्यांना आम्ही आराखडेसाहेब म्हणू लागलो. हे आडनाव नव्हे. त्यांच्या काखेत कायम आराखड्याची गुंडाळी असायची. ती नसली तर त्यांचा हात शरीरापासून जरा दूरच राहायचा.

साहेब वाईट नव्हते. आराखडाही वाईट नव्हता. दोरवाटेच्या अर्ध्या भागात पाळणाघर, दवाखाना, वाचनालय आणि एक कामाची खोली. मग मधोमध एक भिंत. आणि उरलेल्या अर्ध्या भागात बेचाळीस गाड्या लावायची सोय. आमच्या वस्तीत गाड्या दोन. त्यातली एक विटांवर उभी आहे आणि तिच्यात कोंबडी बसते.

सभा दोरवाटेतच भरली. लोकांनी आपापल्या सूचना रंगीत कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला चिकटवायच्या होत्या. लोकांनी लिहिलं: पिण्याच्या पाण्याचा नळ हवा. पायऱ्या नकोत, उतार करा, म्हाताऱ्यांचे गुडघे आणि पोरांच्या ढकलगाड्या दोन्ही चढत नाहीत. दिवे हवेत. जमीन गुळगुळीत नको. साहेबांनी प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि प्रत्येकीनंतर म्हणाले, "नोंद घेतली." नळाची नोंद आम्ही गेली बारा वर्षं देत होतो. एव्हाना त्या नोंदींनाच पाणी सुटायला हवं होतं.

आत्याच्या चिठ्ठीवर दोनच शब्द होते: भिंत नको.

"का नको, आजी?" साहेबांनी आदराने विचारलं.

"आजी घरी. इथे मी सूतवाली. भिंत नको, कारण अर्ध्या लांबीत दोर होत नाही."

"अहो, अर्ध्या लांबीत अर्धा दोर होईल की! असे दोन करायचे आणि जोडायचे. झाला पूर्ण."

सभेला तीसेक जुने दोरवाले बसले होते. त्यांच्यातल्या एकाने कुणी गेल्याची बातमी ऐकावी तशी डोक्यावरची टोपी काढली.

"साहेब," आत्या म्हणाली, "पोहता येतं का तुम्हाला?"

"नाही. का?"

"मग नदीच्या मधोमध त्या गाठीवर तुम्हालाच बसवू."

लोक हसले, साहेबही हसले, पण आत्या हसली नव्हती. इथे थोडं सांगायला हवं. आमच्या नदीवर नावा दोर ओढून पलीकडे नेतात. दोर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ताणलेला असतो आणि तो नावेवरच्या कप्पीतून सरकतो. दोराला गाठ असली की ती कप्पीत अडकते आणि नाव नदीच्या मध्यावर उभी राहून विचार करू लागते. नायलॉन हाताला कापतो आणि उन्हात कुजतो, असं नावाड्यांच्या अनुभवाला आलं होतं. त्यांच्या म्होरक्याने आत्याला शब्द दिला होता: अडीचशे पावलांचा एकसंध तागाचा दोर करून दाखवा, मग सगळ्या घाटांचे दोर तुमच्याकडूनच घेऊ. आता दोराचं असं असतं की पीळ देताना त्याची एक तृतीयांश लांबी जाते. चारशेवीस पावलांच्या वाटेत दोनशेऐंशी पावलांचा दोर होतो. भिंत घातली तर एकशेचाळीसचा. तेवढ्यात नाव मध्यापर्यंत जाते आणि बाकीचं देवावर.

या शब्दाच्या भरवशावर आत्याने वस्तीतल्या अकरा बायकांना सूत काढायला शिकवलं होतं. गल्लीतच शिकवणी चालायची. गल्ली साठ पावलांची. एकसष्टाव्या पावलाला इस्त्रीवाल्याचं टेबल. अकराजणींपैकी प्रत्येक जण निदान एकदा तरी त्याच्यावर जाऊन आदळली होती. तो आता इस्त्री उचलून धरूनच काम करायचा. अकराजणी दोरवाट उघडायची वाट बघत होत्या, आणि आत्या तर एकोणीस वर्षं.

"तू शिकलेला आहेस," आत्या मला म्हणाली. "लिही अर्ज."

मी एका छापखान्यात प्रुफं तपासतो. लोकांच्या पुस्तकांतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढणे हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि वस्तीत मला शुद्धलेखन म्हणूनच ओळखतात. 'शुद्धलेखन, जरा सरका,' 'शुद्धलेखनांना चहा द्या,' वगैरे. मी दोन पानी अर्ज लिहिला. भाषा अशी की वाचणाऱ्याने उभं राहावं. शेवटचं वाक्य होतं: 'सबब ही दोरवाट अखंड ठेवावी, ही विनंती.' कार्यालयात हस्ताक्षरातला अर्ज चालत नाही, म्हणून तिथल्या टंकलेखकाने तो टाइप केला आणि तपासायला माझ्यापुढे ठेवला. मी चष्मा पुसला, एकही वेलांटी चुकलेली नाही याची खात्री केली आणि खाली 'बरोबर आहे' असं लिहून सही ठोकली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ते मी आत्याच्या घरी, तिच्या आणि माझ्या बायकोच्या समोर मोठ्याने वाचलं.

'विषय: ढोरवाट अखंड ठेवण्याबाबत.'

मी थांबलो.

"पुढे वाच," आत्या म्हणाली.

'आपणास कळविण्यात येते की, ढोरवाटा संरक्षण नियमांनुसार ढोरांच्या नित्य वापरातील वाटेवर आडवी भिंत घालता येत नाही. सबब भिंतीचे काम स्थगित करण्यात येत आहे. तसेच सदर वाटेवर दर दोनशे पावलांवर पिण्याचे पाणी, संपूर्ण लांबीवर छप्पर, पाय न घसरणारी जमीन, पायऱ्यांऐवजी उतार आणि पुरेसे दिवे पुरवणे कार्यालयास बंधनकारक आहे. ढोरवाटेवर वाहने आणण्यास सक्त मनाई आहे. वाट ढोरांच्या प्रत्यक्ष वापरात असल्याची खात्री पशुविभागाचे डॉक्टर येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता करतील. वापर न आढळल्यास भिंतीचे काम त्याच दिवशी सुरू करण्यात येईल.'

शहराच्या जागी कुरण होतं तेव्हाचे हे नियम. ते रद्द करायचे राहून गेले होते, कारण गेल्या शंभर वर्षांत कुठल्याही ढोराने तक्रार केली नव्हती.

मी अर्जाची माझ्याकडची प्रत काढून पाहिली. दोन पानांत 'दोरवाट' हा शब्द नऊ वेळा आला होता आणि नऊही वेळा टंकलेखकाने 'ढोरवाट' केला होता. खाली माझी सही. बरोबर आहे.

"अहो," बायको म्हणाली, "परक्याच्या पुस्तकात एक रफार चुकला तर तुम्ही दोन दिवस जेवत नाही."

"हस्ताक्षर लागलं नसेल त्याला. माझा द जरा—"

"तुमचा द नाही. तुम्हीच ढ."

शाळेत मला कधी कुणी ढ म्हटलं नव्हतं. ते राहून गेलं होतं.

'ध'चा 'मा' झाला की माणूस जीवानिशी जातो, हे आपण ऐकून आहोत. 'द'चा 'ढ' झाल्यावर काय होतं याचा कुठे दाखला नव्हता. मी म्हणालो, उद्याच्या उद्या दुरुस्तीचा अर्ज देतो.

"दिलास तर काय होईल?" आत्याने विचारलं.

"मग तो नियम आपल्याला लागू होणार नाही."

"म्हणजे नळ?"

"नाही."

"उतार?"

"नाही."

"भिंत?"

"ती होईल."

आत्याने पत्र माझ्या हातून काढून घेतलं आणि म्हणाली, "बारा वर्षं माणूस म्हणून मागितलं तर नोंद घेतली. ढोर म्हणून मागितलं तर तीन आठवड्यांत बंधनकारक. तुझ्या हातून आयुष्यात झालेलं हे पहिलं कामाचं लेखन आहे. ते खोडू नकोस."

"पण आत्या, ते खोटं आहे."

"खोटं मी बोलत नाही आणि बोलू देणार नाही. वाटेवरून ढोर गेलं की ती ढोरवाट. ढोर आण."

सांगायला सोपं होतं. आमच्या वस्तीत चार पायांचं म्हणाल तर दोन कुत्री, इस्त्रीवाल्याचं टेबल, आणि अगदी टोकाला दूधवाल्या मावशीची गाय. गाईचं नाव बाईसाहेब. वय सोळा. दूध देणं तिने केव्हाच सोडलं होतं. मावशी दूध आता दुसरीकडून आणून विकायची आणि बाईसाहेबांना घरी बसवून खायला घालायची. 'मी काम सोडलं तर मला कुणी हाकलून देणारे का?' असा तिचा सवाल असायचा. त्यावर तिचा मुलगा काही बोलत नसे.

मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नेते. पण तिला ढोर म्हणायचं नाही."

"फक्त कागदावर, मावशी."

"कागदावर तर मुळीच नाही. तोंडचं वाऱ्यावर जातं. कागद राहतो."

शेवटी तोडगा निघाला. कागदावर ढोर, पण डॉक्टरांसमोर हाक मारायची ती बाईसाहेबच.

बुधवारी रंगीत तालीम झाली. बाईसाहेब वस्तीतून डौलात चालत आल्या, दोरवाटेच्या दारापर्यंत आल्या, आत डोकावून त्यांनी ती चारशेवीस पावलांची लांबी बघितली आणि चारही पाय रोवून उभ्या राहिल्या. मावशीने चुचकारलं. गवत दाखवलं. गवत त्यांनी मान लांब करून, उंबऱ्याबाहेर उभं राहूनच खाल्लं. दोघांनी ढकललं, चौघांनी ओढलं. तीन पिढ्या दोरखंड वळण्यात घालवलेली वस्ती, पण दोर लावून एक गाय तिला वीतभरही ओढता आली नाही. एक म्हातारा दोरवाला म्हणाला, "पीळ आहे हो हिच्यात. आमच्या मालात एवढा असता तर कारखाना बंद पडला नसता."

आत मधोमध, दोनशेदहाव्या पावलावर, चुन्याची पांढरी रेघ मारलेली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना विटा रचून ठेवल्या होत्या. आत्या त्या विटांवर बसून सगळा तमाशा बघत होती.

गुरुवारी अकराला पाच कमी असताना डॉक्टर सायकलवरून आले. बारीक, उंच, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्यांच्यामागून आराखडेसाहेब गुंडाळी घेऊन आले आणि साहेबांच्या मागून गवंडी थापी घेऊन आला. कार्यालयाने वेळ वाया जाणार नाही याची काळजी घेतली होती. वस्ती दोन्ही बाजूंना रांगा करून उभी होती. सगळ्यांनी चांगले कपडे घातले होते, कुणाच्या तरी मुलीला पाहायला यावेत तसे. बाईसाहेबांची शिंगंही पुसलेली होती.

डॉक्टरांनी वही उघडली. "कुठे आहे ढोर?"

मावशीने दात आवळले. "या बाईसाहेब."

"चालवा."

बाईसाहेब उंबऱ्याशी आल्या आणि कालच्याच जागी उभ्या राहिल्या. मावशी कानात काहीतरी पुटपुटली. बाईसाहेबांनी कान फिरवला. अकरा वाजून पाच मिनिटं झाली. अकरा वाजून दहा. गवंड्याने सिमेंटच्या गोणीकडे बघितलं. साहेब म्हणाले, "डॉक्टर, माझ्या मते यावरून स्पष्ट होतंय की—"

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "ढोराला घाई करून चालत नाही."

मी आत्याला शोधलं. ती गर्दीत नव्हती. दाराच्या आतच, डाव्या हाताला, गल्लीतून आणून बसवलेल्या शिकवणीच्या चाकापाशी ती उभी होती आणि कमरेला ताग गुंडाळत होती. चाकाच्या मुठीवर अकराजणींतली सगळ्यात धाकटी होती.

"आत्या, हे काय?"

"भिंत आज होणारच असेल," ती म्हणाली, "तर त्याआधी एकदा पूर्ण लांबीचं सूत काढून घेते. नंतर मनात राहायला नको." तिने तंतू आकड्यात अडकवले. आवाज नेहमीचाच होता, फक्त तंतू एकदा निसटले. तिच्या बोटांतून ताग निसटलेला मी कधी पाहिला नव्हता. "फिरव गं."

चाक कुरकुरलं आणि फिरू लागलं. आत्या एक पाऊल मागे गेली. मग दुसरं. बोटांमधून सूत निघू लागलं, सरळ, एकसारखं. पाच पावलं. दहा.

बाईसाहेबांनी मान वर केली.

आता गाईच्या बाजूने विचार करा. समोर एक म्हातारी. तिच्या कमरेला पिवळसर, वाळलेला, मऊ असा मोठा जुडगा. बाईसाहेबांच्या मते तो गवताचा होता. आणि गवत समोर धरून उभं राहणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती, पण गवत घेऊन मागे मागे निघून जाणारं माणूस पहिल्यांदाच पाहत होत्या. हा अपमान होता की आमंत्रण, ते कळायच्या आत त्यांचा उजवा पाय उंबऱ्याच्या आत पडला.

गर्दीतून हुंकार निघाला. "टाळ्या नकोत!" मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "बिचकेल!"

कुणी टाळी वाजवली नाही. दोनशे माणसांनी तळहात एकमेकांजवळ आणून तसेच धरून ठेवले. आत्या मागे जात होती, सुताच्या बाजूने बाईसाहेब पुढे येत होत्या, आणि त्यांच्या कडेने डॉक्टर वहीत पावलं मोजत चालले होते. पन्नास. शंभर. एकदा बाईसाहेबांनी जुडग्यापर्यंत तोंड नेऊन एक घास ओढला.

"हळू गं," आत्या म्हणाली. "सूत बारीक होतंय."

दोनशे पावलं झाली. मागे विटांचे ढिगारे आणि मध्ये जेमतेम दोन हातांची फट. आत्या काही वळून बघणाऱ्यातली नव्हती. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडलो असतो तर गाय बिचकली असती. तेवढ्यात गवंड्याने थापी खाली ठेवली, पुढे झाला आणि फटीतल्या दोन विटा उचलून बाजूला सारल्या. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आत्या चुन्याच्या रेघेवरून मागे गेली. रेघ तिला दिसलीही नाही. मागून बाईसाहेब आल्या आणि त्यांच्या खुरांनी रेघ पुसली.

चारशेवीस. आत्याची टाच शेवटच्या भिंतीला लागली.

"टेकले," ती म्हणाली.

तेव्हा मात्र टाळ्या आवरल्या नाहीत. बाईसाहेब बिचकल्या नाहीत. त्यांचं तोंड भरलेलं होतं.

"साहेब, इकडे या," आत्याने हाक मारली. "हे टोक धरा. घट्ट. सोडलंत तर सगळा पीळ जाईल."

साहेबांनी गुंडाळी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी टोक धरलं. चारशेवीस पावलांचा पीळ त्यांच्या बोटांत वळवळत होता.

"हे जिवंत आहे!" साहेब म्हणाले.

"मग काय मेलेलं वाटलं होतं?"

"किती वेळ धरू?"

"आम्ही एकतीस वर्षं धरलं. तुम्ही पाच मिनिटं धरा."

मी मात्र डॉक्टरांकडे गेलो. आनंदाच्या भरात माणूस खरं बोलतो, हा माझा एक दोष आहे. "डॉक्टर," मी म्हणालो, "एक सांगायचंय. हा शब्द ढोरवाट नाही. दोरवाट आहे. द. चूक माझी आहे, मी तपासून सही केलीय."

मागे मावशीने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

डॉक्टर वहीतून वर बघत म्हणाले, "आत शिरलो तेव्हाच चाक दिसलं मला. तुमचे आकडेही दिसले. पण कार्यालयाने मला विचारलंय ते एवढंच, की या वाटेवरून ढोर जातं का. माझ्यादेखत एक ढोर चारशेवीस पावलं गेलं."

"बाईसाहेब," मावशी म्हणाली.

"बाईसाहेब गेल्या. शब्द तपासायचं काम तुमचं. मी गुरं तपासतो."

"पण डॉक्टर," साहेब लांबून, टोक धरूनच ओरडले, "नियमात नित्य वापर लिहिलंय! नित्य!"

"तो प्रश्न बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले आणि आत्याकडे वळले.

"उद्यापासून इथे रोज सूत निघणार," आत्या म्हणाली. "सूत निघालं की ही येणार. माझ्यावर विश्वास नसेल तर तिला विचारा."

डॉक्टरांनी खरोखरच बाईसाहेबांकडे बघितलं. बाईसाहेब रवंथ करत होत्या आणि दोरवाट सोडून जायची त्यांची कसलीही तयारी दिसत नव्हती. डॉक्टरांनी वहीत लिहिलं, 'वापर नित्य. ढोराची संमती दिसते.' मग साहेबांना म्हणाले, "आणि हो, वाहनांना मनाई. माझी सायकल बाहेर लावलीय."

साहेब बेचाळीस गाड्यांचं काय होणार म्हणून बोलायला लागले आणि मध्येच थांबले. सूत त्यांच्या हातात थरथरत होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग त्या सगळ्या लांबीकडे, पार पलीकडे चाकापर्यंत. आत्या म्हणाली, आता सोडलं तरी चालेल. त्यांनी आणखी जरा वेळ धरून ठेवलं.

साहेब वाईट नव्हते हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आराखड्यातली भिंत स्वतःच्या खोडरबरने पुसली आणि मग कामाला जे लागले ते विचारू नका. नियम म्हणजे नियम. दर दोनशे पावलांवर नळ म्हणजे तीन नळ. बाईसाहेबांना वाकावं लागू नये म्हणून एक कमरेच्या उंचीवर, तो पोरांनाही सोयीचा झाला. पायऱ्या फोडून उतार केला. त्यावरून रोज आधी ढकलगाड्या जातात, मग म्हाताऱ्या, मग बाईसाहेब. पत्रे बदलले, दिवे आले. खडबडीत फरशीवर कुणी घसरत नाही. मुकादमाच्या खोलीतलं झाड तसंच ठेवून त्याच्याभोवती वाचनालय केलं. एका बाजूला पाळणाघर आणि दवाखाना, आणि दुसऱ्या बाजूने पूर्ण लांबीची सुताची वाट. पाळणाघरातली पोरं दिवसभर अकराजणींना बघतात आणि पाठमोरी चालतात. पुढे चालणं त्यांना नंतर शिकवावं लागतं. भिंतीच्या विटांचं गवंड्याने काय केलं? नियमात ढोरांना टेकायला ओटा हवा असं एक कलम साहेबांनीच शोधून काढलं. त्या ओट्यावर आता दुपारभर जुने दोरवाले टेकलेले असतात.

पहिला दोर दोनशेऐंशी पावलांचा भरला. साठ माणसांनी खांद्यावर घेऊन तो नदीवर नेला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल की वस्तीने एक भलामोठा साप पाळलाय आणि त्याला आंघोळीला नेतायत. सगळ्यात पुढे आत्या होती, अर्थातच आमच्याकडे तोंड करून. नावाड्यांच्या म्होरक्याने दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत हातातून सरकवून बघितला. गाठ शोधत होता. मिळाली नाही. "बाकीचे घाट कधी?" त्याने एवढंच विचारलं, आणि अकराजणींनी एकदम आरडाओरडा केल्यामुळे आत्याचं उत्तर कुणाला ऐकू आलं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी रंगारी पाटी रंगवायला आला. कार्यालयाच्या दप्तरात जे नाव आहे तेच पाटीवर हवं; बदलायचं तर अर्ज, आणि अर्ज केला की सगळा नियमच हातचा जाणार. तरी मला राहवेना.

"आत्या, हे बरं दिसत नाही. एकतीस वर्षं तुम्ही इथे काम केलंत, आणि बाहेर पाटी अशी. लोक काय म्हणतील?"

आत्या ओट्यावर बसली होती. "कारखाना चालू होता तेव्हा ढोरासारखंच राबवून घेतलं," ती म्हणाली. "तेव्हा नळ नव्हता, उतार नव्हता, बसायला ओटा नव्हता आणि पाटीही नव्हती. आता निदान चारही आहेत. लाव."

"पण शुद्धलेखन—"

"तूच ना शुद्धलेखन? मग तूच तपास."

रंगाऱ्याने शिडीवरून खाली बघितलं. हातात ओला ब्रश, समोर हातभर उंचीची काळी अक्षरं. "बघा साहेब, नीट बघा," तो म्हणाला. "नंतर म्हणाल चूक झाली. अक्षर बरोबर आहे ना?"

मी चष्मा काढला, पुसला, घातला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत दोनदा वाचलं. मागे चाक फिरत होतं आणि अकरा वाजल्यामुळे बाईसाहेब उतारावरून एकट्याच वर येत होत्या.

"बरोबर आहे," मी म्हणालो.